अंतराचा हिशेब

गेल्या आठवड्यात आमच्या शेजारचे गृहस्थ संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसले. त्यांच्या कन्येचा विवाह ठरला आहे आणि विवाहानंतर ती अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहावयास जाणार आहे. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या आणि मग ज्या प्रश्नासाठी ते आले होते, तो त्यांनी हळूच काढला. "सर, आपण आयुष्यभर भूगोल शिकविलात. इंदूरहून सॅन फ्रान्सिस्को किती दूर? आणि विमानाने किती वेळ लागतो?"

प्रश्न साधा होता आणि उत्तर मला पाठ होते. तरीही मी लगेच बोलू शकलो नाही. त्यांना वाटले असेल की, म्हाताऱ्याची स्मृती आता दगा देऊ लागली. वस्तुतः स्मृती फार चांगली होती, हीच अडचण होती. त्या संध्याकाळी मी त्यांना जे सांगितले ते इतर घरांनाही उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे लिहीत आहे. कारण ज्या घरातील एकही मूल दूरदेशी नाही असे घर आज आपल्यांत शोधावेच लागेल.

मी इंदूरच्या भंवरकुआं भागात राहतो. नावाचा शब्दशः अर्थ घेतला तर 'भोवऱ्याची विहीर'. आग्र्याहून मुंबईस जाणारा जुना रस्ता आणि खांडव्याचा रस्ता येथे एकमेकांस भेटतात. २०२१ साली या चौकाला क्रांतिवीर टंट्या भिल्ल यांचे नाव देण्यात आले, पण रिक्षावाल्याला अजून 'भंवरकुआं' असेच सांगावे लागते. १८९१ साली स्थापन झालेले होळकर विज्ञान महाविद्यालय जवळच आहे. खांडवा रस्त्याला विद्यापीठ आहे. आणि या दोहोंच्या मध्ये शिकवण्यांचे वर्ग, वसतिगृहे, खाणावळी आणि झेरॉक्सची दुकाने यांची दाटी आहे. खरगोन, बडवानी, झाबुआ, बुऱ्हाणपूर अशा गावांहून आलेली मुले-मुली येथे दोन दोन, तीन तीन वर्षे राहतात. आमच्या माडीवरच्या खोलीतही बुऱ्हाणपूरकडचा एक विद्यार्थी आहे. सांगावयाचे तात्पर्य असे की, घरापासून दूर राहणे ही आमच्या वस्तीत नवलाची गोष्ट नाही.

येथून थोड्याच अंतरावरील एका शाळेत मी तीस वर्षांहून अधिक काळ भूगोल शिकविला. 'अंतर' हा माझा आवडता धडा. तो मी नेहमी मुंबईपासून सुरू करीत असे. इंदूर ते मुंबई अंतर किती? मुले चटकन उत्तर देत. मग मी फळ्यावर तीन आकडे लिहीत असे. आकाशातून सरळ गेल्यास सुमारे ५०५ किलोमीटर. मोटारीच्या रस्त्याने सुमारे ५९०. आणि आगगाडीने सुमारे ८३०. मुंबई आमच्या दक्षिणेस, पण आमची अवंतिका एक्सप्रेस संध्याकाळी निघते ती आधी उत्तरेस उज्जैनकडे तोंड करून. मग रतलाम, वडोदरा, सुरत असा मोठा वळसा घेऊन ती सकाळी मुंबईस पोहोचते. विमान तेच काम तासा-सव्वातासात उरकते. दोन शहरे जागची हलत नाहीत, परंतु त्यांच्यामधील अंतर मात्र वाटेवर आणि वाहनावर अवलंबून राहते, हे मुलांच्या मनावर ठसावे एवढाच माझा हेतू असे.

मग मी पृथ्वीचा गोल टेबलावर ठेवीत असे आणि एक दोरा काढीत असे. दोऱ्याचे एक टोक इंदूरवर धरावयाचे आणि दुसरे सॅन फ्रान्सिस्कोवर ताणावयाचे. त्याआधी मी विचारीत असे, "हे शहर आपल्या कोणत्या दिशेस आहे?" काही मुले म्हणत पश्चिमेस, काही म्हणत पूर्वेस. भिंतीवरचा सपाट नकाशा पाहिला तर दोघांचेही बरोबर. पण दोरा ताणला की तो पूर्वेसही जात नसे आणि पश्चिमेसही जात नसे. तो निघे तो जवळजवळ उत्तरेस. उत्तराखंड, तिबेट, अल्ताई पर्वत, सायबेरिया, मग आर्क्टिक महासागर आणि तेथून अलास्कावरून खाली कॅलिफोर्नियात. अंतर सुमारे १३,००० किलोमीटर. गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग असा पृथ्वीच्या माथ्यावरून जातो हे पाहून मुले थक्क होत, आणि खरे सांगावयाचे तर दरवर्षी मीही पुन्हा थक्क होत असे.

वरच्या वर्गातील मुलांना मी पुढचा धडा सांगत असे: विमान दोऱ्यावरून जात नाही. विमानातील हवेचा दाब एकाएकी गेला तर वैमानिकास ताबडतोब सुमारे तीन हजार मीटरपर्यंत खाली उतरावे लागते, म्हणजे प्रवाशांना नैसर्गिक श्वास घेता येतो. तिबेटचे पठारच सरासरी साडेचार हजार मीटर उंच. तेथे उतरावयास खाली जागाच नाही. म्हणून विमाने शक्यतो त्या पठारास वळसा घालतात. दुसरा अडथळा वाऱ्याचा. आकाशात फार उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे वेगवान प्रवाह वाहतात. विमान त्यांच्या पाठीवर बसले तर वेळ वाचतो, त्यांच्या तोंडावर गेले तर वेळ वाढतो. २०१६ साली दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोस जाणारे एअर इंडियाचे विमान अटलांटिकवरून नेण्याऐवजी पॅसिफिकवरून नेण्यास सुरुवात झाली. पहिला मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरचा, दुसरा सुमारे १५,३०० किलोमीटरचा. चौदाशे किलोमीटर अधिक, आणि तरीही वेळ मात्र कमी, कारण वारा पाठीशी!

तिसरा अडथळा माणसांचा. २०१९च्या फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद ठेवले आणि २०२५च्या एप्रिलमध्ये ते पुन्हा बंद केले. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटल्यावर रशियाने अनेक पाश्चात्त्य देशांच्या विमानांना आपल्या आकाशातून जाण्यास मनाई केली. राज्यकर्त्यांचे बिनसले आणि दोन शहरे एकमेकांपासून काही तास लांब गेली! उलट २०२१च्या जानेवारीत कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सहकारी महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरूपर्यंतचे विमान उत्तर ध्रुवावरच्या वाटेने, मध्ये कोठेही न थांबता आणले. त्या दोन शहरांमधील सरळ अंतर सुमारे १४,००० किलोमीटर आणि प्रवास सतरा तासांहून अधिक. ते वृत्त वाचून मला माझ्या दोऱ्याची आठवण झाली होती.

हे सारे मला ठाऊक होते. मीच ते शिकवीत होतो. आणि तरीही ज्या दिवशी हा हिशेब माझ्या स्वतःच्या घरात करावयाचा प्रसंग आला, त्या दिवशी मी तो चुकविला.

आमचा एकुलता मुलगा सॅन फ्रान्सिस्कोपासून तासाभराच्या अंतरावर नोकरीस आहे. काही वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीतील एका बुधवारी सकाळी त्याच्या आईच्या छातीत दुखू लागले. तिला रुग्णालयात नेले. डॉक्टर म्हणाले, "चोवीस तास पाहू." दुपारी तिला थोडे बरे वाटले, तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, "त्याला कळविलेत का?" मी म्हणालो, "आता तिकडे मध्यरात्र होत आली आहे. संध्याकाळी कळवितो." संध्याकाळी वाटले, डॉक्टर काय म्हणतात ते आधी कळू दे, उगाच त्याला घोर कशाला? गुरुवारी प्रकृती स्थिर होती. तिने पुन्हा विचारले आणि मी पुन्हा काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

माझ्या मनात त्या दोन दिवसांत एक हिशेब चालू होता, तो मी कबूल केला पाहिजे. तेरा हजार किलोमीटर. विमानाचा वेग ताशी नऊशे. म्हणजे साडेचौदा तास. दिल्लीहून इंदूर दीड तास. थोडा इकडे तिकडे उशीर धरला तरी एका दिवसात मुलगा दारात उभा राहील. मग आत्ताच घाई करण्याचे कारण काय? फळ्यावरचे गणित मी रुग्णालयाच्या बाकावर बसून सोडवीत होतो, आणि उत्तर मला सोईचे येत होते.

शुक्रवारी सकाळी सहा वाजता डॉक्टरांनी मला बाजूला बोलावले आणि जवळच्या नातलगांना बोलावून घ्या असे सांगितले. मी फोन लावला. तिकडे गुरुवारची दुपार, साडेचार वाजले होते. फेब्रुवारीत कॅलिफोर्निया आपल्यामागे साडेतेरा तास असते. मुलगा फक्त एवढेच म्हणाला, "बाबा, मी निघतो." पण निघणे म्हणजे काय, हे मला त्यानंतर कळले. त्या रात्रीच्या विमानात जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाच्या विमानात मिळाली. म्हणजे त्याचे विमान जमीन सोडीपर्यंत आमच्या घड्याळात शुक्रवारची मध्यरात्र झाली होती. अठरा तास गेले आणि तो अजून आपल्याच गावी होता! पुढे सोळा तास आकाशात. शनिवारी दुपारी चार वाजता दिल्ली. तेथे पारपत्राची तपासणी, सामान, आणि इंदूरचे पुढचे विमान रात्री आठला. साडेनऊला तो बिजासन टेकडीजवळच्या आपल्या विमानतळावर उतरला. रुग्णालयाच्या दारात आला तेव्हा सव्वादहा वाजले होते.

माझ्या फोनपासून सव्वाचाळीस तास. त्यांपैकी आकाशातले साडेसतरा आणि जमिनीवरचे पावणेतेवीस. मी आयुष्यभर मुलांना आकाशातील अंतर शिकविले. जमिनीवरच्या या पावणेतेवीस तासांचा धडा कोणत्याही पुस्तकात नव्हता.

त्याची आई त्याच दिवशी सकाळी अकरा वाजता गेली होती.

शुक्रवारी सकाळी मोबाइलवर तिने त्याचा चेहरा पाहिला होता. "जेवलास का?" एवढेच तिने विचारले. त्यानंतर दिवसभर ती अधूनमधून बोलत होती. "कधी येणार?" असे तिने दोनदा विचारले आणि मी दोनदा "उद्या" म्हणालो. संध्याकाळी दिवे लागल्यावर तिचे बोलणे थांबले. शनिवारी अकरा वाजता मुलगा कोठल्या समुद्रावर किंवा कोठल्या देशावर होता, हे भूगोलाच्या या शिक्षकाला सांगता आले नसते. दिल्लीस उतरताच त्याने फोन केला. "आई कशी आहे?" मी काहीच बोललो नाही आणि त्याला कळले. त्यानंतरचे सहा तास त्याने एकट्याने काढले.

दुसऱ्या दिवशी अंत्यविधी झाला. आम्ही त्याच्यासाठी थांबलो होतो, त्यामुळे आईचे मुख त्याला पाहावयास मिळाले. मुख थांबले, आवाज थांबला नाही. त्याने मला दोष दिला नाही. परत जाण्याच्या आदल्या रात्री मात्र त्याने एकदाच विचारले, "बाबा, बुधवारी का नाही सांगितलेत?" मी म्हणालो, "मला वाटले, वेळ आहे." तो बराच वेळ माझा हात धरून बसला. बुधवारी दुपारी मी फोन केला असता तर फार तर शुक्रवारी पहाटे तो तिच्या खाटेजवळ असता, आणि तिचा शुक्रवारचा सबंध दिवस त्या दोघांचा झाला असता. हा हिशेब मी नंतर कितीतरी वेळा केला आहे. त्यात मात्र कधी चूक होत नाही.

त्या दिवसांत मला संत फ्रान्सिस झेवियर यांच्या चरित्रातील एक प्रसंग वारंवार आठवे. ७ एप्रिल १५४१ रोजी त्यांनी लिस्बन सोडले आणि ६ मे १५४२ रोजी ते गोव्यास पोहोचले. वाटेत मोझांबिकला अनुकूल वाऱ्याची वाट पाहत जहाज महिनोन् महिने थांबले. लिस्बन ते गोवा, तेरा महिने! पुढे संत इग्नेशियस यांनी त्यांना युरोपात परत बोलाविणारे पत्र रोमहून लिहिले. पत्राची तारीख २८ जून १५५३. पण फ्रान्सिस झेवियर यांनी चीनच्या किनाऱ्याजवळील सांचियन बेटावर ३ डिसेंबर १५५२ रोजीच देह ठेवला होता. जवळजवळ सात महिन्यांपूर्वी निधन पावलेल्या मित्राला इग्नेशियस "परत ये" म्हणून लिहीत होते, कारण ती वार्ता घेऊन येणारे जहाज अद्याप पोहोचले नव्हते.

पूर्वी हा प्रसंग वाचताना मला त्या काळाची दया येत असे. आता येत नाही. इग्नेशियस यांच्या आणि त्यांच्या मित्राच्या मध्ये खरोखरच समुद्र होता. माझ्या आणि माझ्या मुलाच्या मध्ये काय होते? फोन माझ्या खिशात होता. मध्ये होता तो माझा संकोच, आणि त्या संकोचाला मी मायेचे नाव दिले होते. 'मुलाला त्रास नको' असे आपण म्हणतो, त्यात प्रेम असते हे खरेच. पण पुष्कळदा त्यात आपली स्वतःची भीतीही असते. वाईट बातमी तोंडातून बाहेर काढली म्हणजे ती खरी होईल, ही भीती.

दूर असणे हा मुलाचा अपराध नव्हे आणि त्याला पाठविणे हा आईबापांचाही नव्हे. आमच्या माडीवरच्या विद्यार्थ्याचेच पाहा. त्याचे गाव येथून जेमतेम दोनशे किलोमीटर. गेल्या पावसाळ्यात एका रात्री तो माझ्याकडे आला. वडिलांना बरे नाही असे आईने कळविले होते. "परीक्षा झाल्यावर ये" असेही सांगितले होते. परीक्षा चार दिवसांवर होती. "काका, काय करू?" मी विचारले, "आता निघालास तर घरी केव्हा पोहोचशील?" त्याने हिशेब केला. रात्री सोईची बस नाही, पहाटेची धरावयाची, पुढे गावची गाडी मिळाली तर दुपार. म्हणजे दोनशे किलोमीटरांना पंधरा तास! मी म्हणालो, "पहाटेची बस चुकवू नकोस." तो गेला, चार दिवस वडिलांजवळ राहिला. वडील बरे झाले. त्याची एक परीक्षा बुडाली, ती त्याने पुढे दिली. परत आल्यावर त्याने माझ्यापुढे केळ्यांचा एक घड ठेवला आणि म्हणाला, "बाबांनी पाठविला आहे."

हे सर्व मी शेजारच्या गृहस्थांना सांगितले. बोलता बोलता त्यांनी खिशातून पेन्सिल काढली होती. मी म्हणालो, "लिहून घ्या. अंतर तेरा हजार किलोमीटर. विमानातील वेळ सोळा-सतरा तास. पण आपल्या घरच्या हिशेबात चाळीस तास धरा; आणि ते चाळीस तास विमान सुटल्यापासून नव्हे, आपण फोन केल्यापासून मोजावयाचे. मुलीचे आणि जावयाचे पारपत्र व प्रवेशाची कागदपत्रे यांची मुदत वेळोवेळी विचारीत चला. मुदत संपत आली असेल तर चाळिसाचे चारशे तास होतात. आपल्या घरी कोणी आजारी पडले तर त्याच दिवशी कळवा. यावयाचे की नाही ते तिला ठरवू द्या; तिच्या वतीने आपण ठरवू नका. आणि आपण दोघेही धडधाकट आहात तोवर तिला बोलवा, तिच्याकडे जा. चाळीस तासांचा प्रवास चहा पिण्यासाठी करावा. तो शेवटच्या भेटीसाठी राखून ठेवू नये."

त्यांनी सगळे लिहून घेतले. मग कागदाची घडी करीत ते म्हणाले, "सर, हिच्या आईला इतके सगळे कसे सांगू? ती आधीच रडते आहे."

"त्यांना दोरा दाखवा," मी म्हणालो आणि आतून पृथ्वीचा गोल आणून त्यांच्या हाती दिला. शाळेने निवृत्तीच्या वेळी मला भेट दिलेला तो जुना गोल आहे. त्यावरचे काही देशही आता बदलले आहेत. पण इंदूर आणि सॅन फ्रान्सिस्को होती तेथेच आहेत. तो काखेत धरून ते आपल्या फाटकातून आत गेले, तेव्हा चौकातले दिवे लागले होते आणि शिकवणीचे वर्ग सुटून मुलांचे थवे रस्त्यावर आले होते. मी आत येऊन मुलाला फोन लावला. तिकडे पहाट होती. "बाबा, काय झाले?" त्याने घाबरून विचारले.

"काही नाही," मी म्हणालो, "आज थोडा खोकला आहे. तुला कळवावे म्हटले."